मिठाची कोंबडी आणि भाऊजींचा लेझर

प्रिय ताई,

शाळेचा तो लांब व्हरांडा आठवतो का गं? दुपारच्या सुट्टीनंतरचा शिवणाचा तास, खिडकीतून तिरपं आलेलं ऊन, कंपासपेटीचं पत्र्याचं झाकण (झाकण माझं, मनगट तुझं), आणि सिस्टरच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर उड्या मारणारा तो कवडसा. आधी कोपरावर, मग खांद्यावर, आणि मग अगदी नाकाच्या शेंड्यावर. शिक्षा म्हणून आपल्याला व्हरांड्यात तिसऱ्या खांबापाशी उभं केलं होतं, घंटा होईपर्यंत न हलता. मी या पायावरून त्या पायावर, नाक खाजव, रिबीन ओढ, असं करत होते. तू मात्र उभी राहिलीस ती राहिलीसच. एक माशी तुझ्या नाकावर बसली, नाकभर फिरली आणि कंटाळून निघून गेली, तरी तुझी पापणी हलली नाही. शेवटी सिस्टर स्वतः बाहेर येऊन तू श्वास घेते आहेस ना, ते बघून गेल्या. इतक्या वर्षांनी ही गोष्ट का काढते आहे, ते पत्राच्या शेवटी कळेल. शेवट आधी वाचू नकोस. (तू वाचणार. गोष्टीच्या पुस्तकांचाही आधी वाचायचीस.)

आता रीतसर विचारते. गुडघे कसे आहेत? जिना एका दमात चढतेस की मधल्या वळणावर कुणाशी तरी बोलायचं निमित्त काढून थांबतेस? झोप लागते का? दाताची कवळी बदललीस असं कळलं, ती बसली का? इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. ह्यांचा आवाज, ह्यांची भूक आणि ह्यांचं चालणं, तिन्ही पूर्वीसारखंच दणदणीत आहे. माझा उजवा हात अलीकडे किंचित थरथरतो. दुखत नाही, फक्त चहाच्या कपाला बशीवर बोलकं करतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. मी म्हटलं, डावा हातही त्याच वयाचा आहे की.

तुझा निरोप पोचला. सहा वर्षांतला पहिला. मी तो इतक्या वेळा वाचला की आता पाठ आहे. ‘ह्यांनी लेझर आणलाय. बैठकीतल्या पडद्याला भोक पडलं. तुला यातलं कळतं असं कानावर आलं. डोळे आणि घर दोन्ही शाबूत राहतील असं काहीतरी लिहून पाठव. जास्त लिहू नकोस.’ आमच्या ह्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “जास्त लिहू नकोस म्हटलंय. म्हणजे आता दहा पानं.” सहा वर्षं आपण का बोललो नाही ते आपल्या दोघींना माहीत आहे आणि या पत्रात मी तो विषय मुळीच काढणार नाही. (कोंबडीचा.) पण हे पत्र भाऊजीही वाचणार, आणि त्यांना अजूनही उमगलेलं नाही की दोन साठी ओलांडलेल्या बायका एका मिठाच्या भांड्यावरून एकमेकींचं तोंड बघत नाहीत म्हणजे काय, म्हणून फक्त त्यांच्यासाठी चार ओळी लिहिते. भाऊजी, तुमच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या मावशीची, जेवणाच्या टेबलावर एक चिनीमातीची पांढरी कोंबडी असायची. मुठीत मावेल एवढी. पाठीवरचं झाकण उचललं की आत मीठ. चोचीला टवका. माझी आई गेल्यावर मी मावशीकडे आले, त्या पहिल्या जेवणाला मला घास जाईना, तेव्हा मावशीने ती कोंबडी टेबलावरून माझ्या ताटापर्यंत टुकटुक चालवत आणली होती. पुढे कधीतरी मावशी मला म्हणाली, “ही तुझीच हो, चिमटे.” तिच्यामागे कळलं की ताईलाही ती हेच म्हणाली होती. माणूस प्रेमळ असला की अशी पंचाईत करून जातो. कोंबडी ताईकडे गेली, काचेच्या कपाटात, किल्लीबंद. असो. विषय संपला.

आता भाऊजींचा लेझर. तू पडद्याला पडलेलं भोक लिहिलंस, त्यावरून हा लाकडावर नक्षी जाळणारा दिसतो, निळ्या उजेडाचा. भाऊजी, हे खेळणं नव्हे. पडद्याने तुमच्यावर उपकार केले, त्याच्या जागी तुमचा डोळा असता तर भोक शिवताही आलं नसतं. पहिली गोष्ट चष्मा. उन्हाचा काळा गॉगल चालत नाही. (आमच्या ह्यांनी समुद्रावर घालायचा गॉगल लावून “आता बघतो कोण काय करतं” असं म्हटलं होतं, त्यांना मी खोलीबाहेर काढलं.) लेझरचा जो रंग, तो अडवणारा खास चष्मा मिळतो. निळ्यासाठी नारिंगी काचांचा, लाल किरणांसाठी निळसर-हिरव्या काचांचा. चष्म्याच्या दांडीवर आकडे छापलेले असतात आणि लेझरवरही असतात. ते जुळले तरच विकत घ्यायचा, रंग शोभून दिसतो म्हणून नव्हे. आणि तो घालून किरणात बघायचं नाही ते नाहीच. चिलखत घातलं म्हणून कुणी तलवारीवर छाती आपटत नाही. दुसरं, लेझर चालू असताना खोली सोडायची नाही. ताई, तू इथे कठोर हो. भाऊजी दूध गॅसवर ठेवून वर्तमानपत्र वाचायला जाणारे आहेत, हे मला तुमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तिसरं, रेक्झिन जाळायचं नाही, त्याचा धूर विषारी असतो. सोफ्याकडे त्यांचं लक्ष जाण्याआधी तू सांगून ठेव.

आणि हातातलं सगळं काढून ठेवायचं. अंगठी, घड्याळ, बांगडी. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात ना, इथे हातचं कांकण हाच आरसा होतो. पहिल्या दिवशी मी बांगडी घालून किरणासमोर हात नेला आणि एक लाल ठिपका सर्रकन छतावर, तिथून भिंतीवर, तिथून ह्यांच्या टकलावर गेला. माझा लेझर तुमच्यापुढे अगदी गरीब आहे, भाषणात फळ्यावर ठिपका दाखवायला वापरतात त्याचा चुलतभाऊ, म्हणून निभावलं. पण तो ठिपका टकलावर बघून मला सिस्टरचं नाक आठवलं, आणि मी अडगळीच्या खोलीत एकटीच इतकी हसले की ह्यांना वाटलं किरण डोक्यात गेला. किरण नेहमी डोळ्यांच्या उंचीच्या खाली ठेवायचा हेही लिहून ठेव, आणि खाली पडलेलं काही उचलायचं असेल तर आधी लेझर बंद. वाकलं की डोळा नेमका किरणाच्या वाटेत येतो. आपल्या वयात वाकण्याआधी विचार करायची सवय असतेच, तिचा उपयोग करायचा.

तुला प्रश्न पडला असेल की आयुष्यभर भूगोल शिकवणारी ही बाई लेझरच्या नादी कशी लागली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी हौशी लोकांचं एक मंडळ जमतं. पुस्तक परत करायला गेले होते, दार उघडं होतं. आत एक निवृत्त दातांचे डॉक्टर काचेची एक पट्टी टॉर्चखाली धरून उभे होते, आणि काचेच्या आत त्यांच्या वडिलांचा धूम्रपानाचा पाईप होता. चित्र नव्हे गं. पाईप. डोकं डावीकडे नेलं की त्याची डावी बाजू दिसे, उजवीकडे नेलं की उजवी, आणि दांडीवरच्या दातांच्या खुणासुद्धा. मी काही न विचारता हात पुढे केला. बोटं काचेला लागली, पाईप आत राहिला. डॉक्टर म्हणाले, “सगळेच असं करतात. खरा पाईप माझ्या भावाकडे असतो.” ताई, मी पुस्तक परत करायचं विसरले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, मला होलोग्राम शिकायचा आहे, लेझरच्या उजेडाने अशी अख्खी वस्तू काचेत उमटवायची. हे म्हणाले, “कशाचा करणार?” मी म्हटलं, “बघू.” (कोंबडीचा विचार माझ्या मनात अजिबात आला नव्हता, हे इथे नमूद करते.)

पहिला अपघात आरशाचा. किरण वळवायला एक छोटा आरसा लागतो, तो आणला तर त्यावर बोटाचा ठसा. आता तू सांग, आपल्या हाताखालून कधी मळका आरसा गेला आहे का? शाळेचे चषक कोण घासायचं? तू आणि मी. दंतमंजन, ओला कपडा आणि देवाचं नाव. मी तोंडाने “हाऽ” करून वाफ सोडली, दंतमंजन घेतलं आणि सिस्टर बघताहेत असं समजून घासला. शनिवारी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, त्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “घरच्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो. याचा पुढे असतो. तुम्ही तोच काढलात.” मी म्हटलं, “पण तो मळका होता.” ते म्हणाले, “आता स्वच्छ आहे. आरपार दिसतं.” तेव्हा भाऊजी, भिंगं आणि आरसे यांना कडेने धरायचं, धूळ रबरी फुग्याच्या फुंकणीने उडवायची, तोंडाने फुंकायचं नाही (थुंकी उडते, आपल्याला दिसत नाही एवढंच), आणि शर्टाच्या टोकाने पुसायचा विचारही मनात आणायचा नाही. थोडी धूळ राहिली तर राहू द्यायची. स्वच्छतेचीही एक जागा असते आणि तिथे थांबावं लागतं, हे मला शाळेने शिकवलं नाही, आरशाने शिकवलं.

खरी लढाई पुढेच होती. होलोग्रामच्या काचेवर फोटोच्या फिल्मसारखा उजेड टिपणारा लेप असतो, आणि त्यात प्रकाशाच्या ज्या रेघा उमटतात त्या इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतात. उजेड पडतो तेवढा वेळ वस्तू, काच किंवा लेझर त्या रेघेच्या निम्म्यानेही हलला की सगळं पुसलं जातं आणि काच कोरी. म्हणून अडगळीच्या खोलीत (खिडकी नाही, त्यामुळे दुपारीही अंधार) मी जमिनीवर सायकलच्या ट्यूबा अर्धवट फुगवून ठेवल्या, त्यांवर जुनी दगडी फरशी आणि फरशीवर वाळूचा ट्रे. ट्यूब टम्म फुगवायची नाही, थोडी मऊच हवी, रागावलेल्या माणसाशी बोलताना आपण असतो तशी. वस्तू टणक हवी. मी आधी फूल ठेवलं, मग कापसाची बाहुली. दोन्ही उमटली नाहीत. मऊ वस्तू, आपल्याला दिसत नसलं तरी, सतत चुळबुळत असतात. डॉक्टर म्हणाले, चिनीमाती सर्वांत उत्तम, त्यातही पांढरी. मी घरी आले. बुद्धिबळातला पांढरा घोडा घेतला आणि डिंकाने बुडाला घट्ट चिकटवला.

काच कोरी. पुन्हा कोरी. मग मी शत्रू शोधू लागले. पहिला शत्रू फ्रिज, तो गुरगुरतो. बंद केला. दुसरा शत्रू आमचे हे. हे बैठकीत चालले की फरशीवर वाटीत ठेवलेलं पाणी शहारतं, मी स्वतः बघितलं. त्यांना त्या वेळापुरतं पलंगावर पाय वर घेऊन बसवलं. “बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच काही करू नको म्हटलं,” असं म्हणत बसले. तिसरा शत्रू वरच्या मजल्यावरच्या नृत्याच्या बाई. त्यांच्या अठरा मुली एकदम टाचा आपटतात. मी वर गेले आणि म्हटलं, “तुम्ही थोडा वेळ थांबू शकाल का? मला खाली घोडा उभा करायचा आहे.” त्या जरा घाबरल्या, पण चांगल्या आहेत, दुपारचा अर्धा तास मला दिला. आता घर असं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळही मी गादीखाली ठेवलं. तरी काच कोरी. मी हट्टाला पेटले. ताई, तुला माझा हट्ट माहीत आहे, पण इतका तू पाहिलेला नाहीस. लेझर आधी वीस मिनिटं चालू ठेवून स्थिर होऊ दिला. काच बसवल्यावर खोली सोडून जाता येत नाही म्हणून तिथेच स्टुलावर बसले, सगळं शांत व्हायची वाट बघत. पुन्हा कोरी.

मग एक दिवस हे दारापलीकडून म्हणाले, “अगं, आत रेडिओ चालू आहे का?” रेडिओ नव्हता. मीच होते. उजेड किती वेळ द्यायचा ते मोजायला मी सकाळच्या प्रार्थनेचं पहिलं कडवं गुणगुणत होते, कारण ते नेमकं तेवढाच वेळ चालतं आणि घड्याळ गादीखाली होतं. माझ्याच गाण्याने हवा हलत होती आणि काच थरथरत होती. ह्यांनी पलंगावरून पाय खाली सोडले, फ्रिज चालू केला आणि म्हणाले, “अख्ख्या इमारतीला गप्प बसवलंस आणि स्वतः गात होतीस?” भाऊजी, सूचना लिहून घ्या: वेळ मनातल्या मनात मोजावा.

पुढच्या खेपेला मी तोंडात रुमाल धरला. आणि काच रसायनातून काढली तरी कोरीच दिसली. मी ती रॅकवर उभी केली, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले. (नळ सोडला की डोळ्यांतलं पाणी मोजलं जात नाही.) थोड्या वेळाने आतून हाक आली, “अगं ए, घोडा!” काच ओली असेपर्यंत काही दिसत नाही, वाळली की दिसतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी विसरले होते. ह्यांनी माझा केस वाळवायचा ड्रायर धरला होता, त्या गरम वाऱ्यात घोड्याची मान हळूहळू उगवत होती, तांबूस. बुडाकडे एक काळा पट्टा आला होता. तिथे माझा हात थरथरला होता. किरणापुढे काळं कार्ड धरायचं असतं, ते फरशीवरून अलगद उचलून हवेत तसंच किरण अडवत धरायचं, सगळं निवलं की मगच बाजूला घ्यायचं, आणि हे माझ्या उजव्या हाताला आता जमत नाही. पण घोडा होता! मी ह्यांना मिठी मारली आणि ह्यांच्या हातून काच पडली.

दोन तुकडे. मी ओरडले नाही. (हे सांगतात की ओरडले.) घोड्याची मान एकीकडे आणि बूड दुसरीकडे गेलं असणार या विचाराने मी एक तुकडा टॉर्चखाली धरला. त्यात अख्खा घोडा होता. दुसरा धरला. त्यातही अख्खा घोडा. कान, मान, आयाळ, सगळं. खिडकी निम्मी झाली की आतला माणूस निम्मा होतो का? नाही ना, फक्त आपल्याला थोडं अधिक वाकून बघावं लागतं. तसंच हे. मी ते दोन तुकडे आळीपाळीने पुन्हा पुन्हा टॉर्चखाली धरत होते. ह्यांनी केर काढून झाल्यावर विचारलं, “कुणाची आठवण आली?” मी म्हटलं, कुणाची नाही.

तर भाऊजींसाठी सूचना एवढ्याच. त्यांना म्हणावं, चष्म्याचे आकडे जुळेपर्यंत लेझरची वायर तुझ्या कपाटात राहील. किल्लीबंद कपाटाचा तुला अनुभव आहेच. प्रकृतीला जप. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, सहा वर्षांची सवय आहे.

तुझी,
चिमटी

ता. क. वर ‘उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल’ असं लिहिलं आहे. चालणार नाही.

ता. क. २. कोंबडीचा विषय काढणार नाही म्हटलं होतं, तेही जाऊ दे. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, आणि ही तर कोंबडी आहे. मला ती हवी आहे. ठेवून घ्यायला नको, फक्त वाळूच्या ट्रेवर बसवायला. ती पार्सलने पाठवू नकोस, तू घेऊन ये. नृत्याच्या बाई पुढच्या महिन्यात मुलींना घेऊन बाहेरगावी जाणार आहेत, इमारत शांत असेल. ह्यांना मी दिवसभरासाठी त्यांच्या भावाकडे धाडते आहे. कार्ड धरायला मला असं माणूस हवं आहे ज्याच्या नाकावर माशी फिरली तरी हात हलत नाही. माझ्या ओळखीत असं एकच आहे. मी स्टुलावर बसेन, रुमाल तोंडात धरून. सहा वर्षं न बोलण्याचा सराव दोघींना आहे, अर्धं मिनिट सहज जमेल.

ता. क. ३. कुणाला काय, ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे मागाहून भांडण नको. सोबतच्या खोक्यात नारिंगी चष्मा आहे तो भाऊजींचा. तुमचा लेझर निळा आहे असं धरून, मंडळात आकडे विचारून घेतला आहे, तरी तो घालण्याआधी लेझरवरचे आकडे जुळवून बघा, नाही जुळले तर परत पाठवा. रबरी फुंकणीही त्यांचीच. भोक पडलेला पडदा मला पाठव, अडगळीच्या दाराला लावीन, भोकावर ठिगळ मीच लावते, शिवणाच्या तासाला तेवढं शिकले होते. कापसात गुंडाळलेला काचेचा तुकडा तुझा, तो घोड्याचा निम्मा. कडांना पट्टी लावली आहे, तरी जपून. उन्हात तिरपा धर आणि डोकं हळूहळू हलव, घोडा दिसेल. दुसरा निम्मा माझ्या टेबलावर आहे. कोंबडीची काच झाली की तीही मधोमध कापायची, काच कापणाऱ्याला मी सांगून ठेवलं आहे. उजवी तुझी, डावी माझी, किंवा तुला हवी ती आधी उचल. चोचीचा टवका दोन्हींत येईल. आणि खरी कोंबडी परत जाताना तू घेऊन जा. पण कपाटात नको, ताई. टेबलावर ठेव. आणि तिच्यात मीठ भर.